कुडावरचं अक्षर

भागी पहिल्यांदा प्रार्थनेला कोसळली तेव्हा सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. दुसऱ्यांदा कोसळली तेव्हा हेडमास्तर आबाजी गुरुजी म्हणाले, "पोरगी उपाशी येत असेल, गूळ द्या." तिसऱ्या खेपेला मात्र गौराबाईंनी कुणाला विचारलं नाही. भागीचा हात धरला, रस्त्यावर येऊन एक टेंपो थांबवला आणि तिला थेट चौक गावच्या दवाखान्यात नेलं.

पळसखोंडे हे गाव मुंबई-पुणे हमरस्त्याला अगदी खेटून. चार खोल्यांची कौलारू शाळा, सातवीपर्यंत. गौराबाई कर्जतहून रोज एस.टी.नं यायच्या. शाळेतल्या त्या एकट्याच बाई. बाकी सगळे गुरुजी. भागी त्यांच्या सातवीच्या वर्गातली. बौद्धवाड्यातल्या काळूरामची थोरली. काळूराम मोहोपाड्याच्या एका कारखान्यात हेल्पर होता, आणि वाड्यातून कारखान्यात लागलेला तो पहिलाच. पोरीनं मॅट्रिक व्हावं हा त्याचा ध्यास. पोरगीही तशीच होती. गणित सांगून पुरं होण्याआधी हिची पाटी वर.

डॉक्टरांनी भागीला तपासलं आणि बाईंना बाजूला घेतलं. "लघवीच्या मार्गाला सूज आहे. ताप अंगात मुरलाय. ही दिवसभर पाणी पीत नाही का?"

परतताना बाईंनी तेच भागीला विचारलं. भागी खाली बघत चालत होती. ती म्हणाली, "पानी प्यायलं का जावं लागतं, बाई."

"मग जायचं."

"कुठं?"

बाई रस्त्यातच थांबल्या. शाळेच्या मागं पूर्वी करवंदीची दाट जाळी होती, पोरी तिकडे जायच्या. ती जमीन शाळा कमिटीचे चेअरमन मालोजी पाटलांची. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी जाळी तोडून जागा गॅरेजवाल्याला भाड्यानं दिली. तेव्हापासून तिथं ट्रक उभे असत, आणि ट्रकांखाली ड्रायव्हर-क्लीनर पाय पसरून झोपलेले असत. जाळी गेली तेव्हा शाळेत कुणाला काही वाटलं नव्हतं. उलट विंचूकाट्याचं भय गेलं, असं आबाजी गुरुजी म्हणाले होते.

आणि बाईंच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली, तिची तर त्यांना लाजच वाटली. त्या स्वतः सकाळी कर्जतला अर्धा कप चहा घेत, तो शेवटचा. मग संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. जिभेला कोरड पडे, डोकं ठणके. पण बायकांचं असंच असतं, असं धरून त्या चालल्या होत्या. स्वतःशीसुद्धा त्या कधी हे बोलल्या नव्हत्या. डोळ्यांसमोर पोरी सुकत होत्या आणि बाई फळ्यावर पाण्याचे उपयोग लिहून देत होत्या.

*

आबाजी गुरुजी माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला आलेले, पायांना वात, आणि कुणाशी वाकडं घ्यायचं नाही हा आयुष्यभराचा नेम. ते म्हणाले, "अर्ज वर गेलेला आहे, बाई. मंजुरी आली की होईल."

"किती वर्षं झाली अर्जाला?"

"ते सोडा. मुलींनी घरून जाऊन यावं."

"गुरुजी, दिवस केवढा मोठा असतो."

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. असल्या विषयावर बाईमाणसाशी बोलायचं म्हणजे त्यांना घाम फुटत होता.

मालोजी पाटलांना मात्र घाम वगैरे काही फुटला नाही. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. "बाई, आमच्या आया-आज्या काय करत व्हत्या? त्यांना सरकारनं बांधून दिलं व्हतं का? तुमी शिकवा. बाकीचं पोरींचं पोरी बघतील."

"जागा तेवढी द्या. आम्ही आमच्या हातानं बांधू."

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. गॅरेजच्या आणि शाळेच्या मधली एक चिंचोळी पट्टी कुणाच्याच कामाची नव्हती. "घ्या. पन उद्या काय झालं तर माज्याकडं यायचं नाय."

दिवाळीच्या सुट्टीत मुलींच्या मुतारीचं काम निघालं. मुलांनी डोंगरातून कारवीच्या काठ्या तोडून आणल्या. त्या उभ्या-आडव्या विणून कूड घातला, म्हणजे काठ्यांची भिंत. मुलींनी तो शेणामातीनं लिंपला. काळूरामनं कारखान्यातल्या भंगारातले पत्रे साहेबाला विचारून आणले, एका रविवारी त्याचं दार केलं, आणि आतून लोखंडी कडी बसवली. कडी बसवून झाल्यावर तो आत गेला, दार लावलं, आतून बाईंना म्हणाला, "भायेरनं ढकला बरं." बाईंनी ढकललं. दार हललं नाही. काळूराम आतून हसला. "आता कोन बी येत नाय बगा." शेवटी मुलींनी कुडाला बाहेरून चुना दिला. पांढरीशुभ्र भिंत उन्हात रस्त्यावरूनसुद्धा दिसू लागली. बाईंना ते फार बरं वाटलं होतं.

त्यानंतरचे महिने त्या शाळेला पुन्हा कधी आले नाहीत. मुलींचा माठ दुपारच्या आत रिकामा होऊ लागला. दर महिन्याला चार-पाच दिवस दांडी मारणाऱ्या मोठ्या मुली दांडी मारीनाशा झाल्या. भागीच्या गालांवर रंग चढला. पूर्वी माठातलं पाणी कुणी तरी वरून ओतायचं आणि वाड्यातल्या मुलांनी ओंजळीत घ्यायचं, अशी रीत होती. बाईंनी एक लांब दांड्याचा डवला आणला आणि सांगितलं, ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. दोन-तीन घरांतून कुरकुर आली, विरली. बाईंच्या टेबलावर छडी नव्हतीच. बाजूच्या वर्गातले गुरुजी टोमणा मारत, "तुमच्याकडे काय बुवा, मोगलाई." पण त्यांच्याच वर्गातली मुलं खिडकीतून सातवीकडे बघत बसत.

दामूची गोष्ट याच दिवसांतली. त्याची आई पारूबाई हमरस्त्यावरच्या ढाब्यावर भांडी घासायची. बापाचा पत्ता नव्हता. दामू दर वर्षी मार खात आणि दर वर्षी वरच्या वर्गात ढकलला जात सातवीत पोचला होता, आणि त्याला स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येत नव्हतं. मालोजी पाटलांचा पुतण्या कान्हा त्याच वर्गात होता. तो त्याला 'अंगठाबहाद्दर' म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले. बाईंनी दामूला मागच्या भिंतीपासून उठवून पुढं आणलं आणि भागीला सांगितलं, "मधल्या सुट्टीत ह्याला तू शिकव. माझ्यापाशी तो घाबरतो."

भागी हाताला धरून धरून त्याला शिकवू लागली. दामूला 'द' जमेना, शेपटी उलटीकडे जाई. मग भागीनं म्हटलं, "ऱ्हाऊ दे तुजं नाव. माजं लिव. सोपं हाय." दामूनं आयुष्यात पहिला नीट लिहिलेला शब्द तो. मग तो सुटलाच. फळा, पाटी, जमीन, जिथं जागा मिळेल तिथं लिहीत सुटला. अक्षर तरी कसलं! 'भ'ची गाठ गोल, काना सरळ, वेलांटी डौलदार. बाई त्याची पाटी वर्गाला दाखवत. पोर लाजून लाल व्हायचं.

बाई घरी नवऱ्याला सांगत. सहदेव कर्जत स्टेशनात पॉइंट्समन होता, मितभाषी माणूस. तो ऐकून घेई आणि म्हणे, "बरं चाललंय ना? मग जास्त बोलू नकोस. बरं चाललेलं बोलून दाखवू नये."

*

शिमग्याच्या आधीचा सोमवार होता. बाई एस.टी.तून उतरल्या तेव्हा शाळेमागं मुलांचा घोळका होता. बाईंना बघताच तो पांगला. गॅरेजमधली दोन-तीन माणसं कुडाकडे बोट दाखवून हसत होती.

बाई वळसा घालून मागं गेल्या. पांढऱ्या कुडावर कोळशानं ठळक, मोठं काहीतरी लिहिलेलं होतं. आणि त्यांच्या मनानं आधी काय टिपलं असेल, तर अक्षर. एकही चूक नव्हती. गाठी गोल, काने सरळ, ओळ जराही तिरकी नाही. एक क्षण, एकच क्षण, त्यांच्या छातीत आनंद दाटून आला. मग त्यांनी वाचलं.

'भागी इथे येते. भाव विचारा.'

बाईंनी पदर ओला केला आणि पुसायला घेतलं. पण कोळसा चुन्यात मुरला होता. पुसावं तसा तो पसरत गेला, आणि पसरूनही वाचता येत राहिला. मग त्यांनी नखांनी चुना खरवडला. चुन्याखालची माती निघाली, मातीखालच्या काठ्या दिसू लागल्या. मागून गॅरेजमधलं कुणी तरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या हो मास्तरीणबाई, आमी वाचलंय."

भागी वर्गात जागेवर बसली होती. पुस्तक उघडं, बोट ओळीवर. तिनं ते सकाळीच वाचलं होतं. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिनं वर पाहिलं नाही. दिवसभर ती तशीच बसून राहिली. मधल्या सुट्टीत माठाकडे गेली नाही. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडताना एका क्लीनरनं ट्रकच्या टपावरून तिला हाक मारली आणि कुडावर लिहिलेलं होतं तेच विचारलं. भागी पळाली नाही. हळू चालत वाड्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि पुन्हा कधीच आली नाही.

बाईंनी दामूला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. रागावल्या नाहीत. रागवायला अंगात बळच नव्हतं. नुसतं विचारलं, "का रे?"

दामू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. "कान्हा बोलला, तुला पाटीवर बगून बगून लिवता येतं. मनानं येत नाय. त्यो बोलला, आमी सांगतो, लिवून दाव. त्यानी सांगितलं तसं मी लिवलं."

"काय लिहितोयस ते कळत नव्हतं तुला?"

"लिवताना नाय कळलं. लिवून झाल्यावं त्ये हासले, तवा कळलं." मग एकदम हुंदका फुटून तो म्हणाला, "मला वाटलं, नाय लिवलं तर म्हनतील ह्याला येत नाय."

बाईंनी त्याला जवळ घेतलं. त्यांना कळेना, ह्या पोराला काय म्हणावं. त्यांनी स्वतः त्याला दहादा सांगितलं होतं, कुणी सांगितलं तर घाबरायचं नाही, धीर धरून लिहायचं.

त्या रात्री त्यांनी मनाशी बेत ठरवला. दामूनं आणि कान्हानं, दोघांनी सगळ्या शाळेसमोर सांगायचं की लिहिलेलं खोटं आहे. मग बाई दोघांना घेऊन भागीच्या घरी जातील. मार नाही, गाजावाजा नाही. चूक केली त्यांनी ती निस्तरायची. सकाळी लवकर येऊन त्यांनी आबाजी गुरुजींना विश्वासात घेतलं आणि सगळं सांगितलं. गुरुजी मान डोलावत ऐकत राहिले. "बरं केलंत सांगितलंत," म्हणाले. बाईंना वाटलं, पटलं.

प्रार्थना संपली आणि गुरुजींनी दामूला पुढं बोलावलं. त्यांच्या हातात निगडीची ओली शिमटी होती. कुठून आणली कोण जाणे. गेली कित्येक वर्षं त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता. त्या सगळ्या वर्षांचा मार जणू त्यांनी एकट्या त्या पोरावर काढला. तळहातांवर, पोटऱ्यांवर, पाठीवर. कान्हा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याकडे गुरुजींनी ढुंकून पाहिलं नाही.

बाईंनी धावत जाऊन गुरुजींचा हात धरला. "मी तुम्हाला ह्यासाठी सांगितलं का? आणि कान्हाचं काय?"

गुरुजी धापा टाकत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, रागाचं की भीतीचं कुणास ठाऊक. हळू आवाजात म्हणाले, "पाटलाचा पुतण्या आहे, बाई. मला तीन महिन्यांत सुटायचंय. आणि खरं सांगू? तुमच्या लाडानंच झालं हे."

दामू रडत नव्हता. तो शिमटीकडे बघत नव्हता, गुरुजींकडे बघत नव्हता. तो बाईंकडे बघत होता. त्यानं कुणाला सांगितलं होतं ते त्याला ठाऊक होतं. मग दप्तर न घेताच तो फाटकातून बाहेर पडला. आठवड्याभरानं बाईंना तो गॅरेजमध्ये दिसला, एका ट्रकखाली, ऑइलनं काळा झालेला. त्यांनी हाक मारली, तेव्हा तो ट्रकखालूनच पलीकडच्या बाजूला सरकला.

*

पाटलांनी कमिटीची सभा बोलावली. शाळेच्या व्हरांड्यात गाव जमला. पाटील म्हणाले, "मी आधीच बोललो व्हतो. आता चर्चा कशाला? मुळावरच घाव घाला. कूड ऱ्हाइला नाय तर लिवनार कशावर?"

बाई उठून म्हणाल्या, "ज्यांनी लिहायला लावलं त्यांना कुणी विचारणार आहे का? ज्या मुलीवर लिहिलं तिला कुणी विचारणार आहे का? वड्याचं तेल वांग्यावर काढताय तुम्ही. कुडानं काय केलं?"

बायका एका बाजूला बसल्या होत्या. बाई त्यांच्याकडे वळल्या. याच बायकांच्या पोरींनी तो कूड लिंपला होता. "तुम्ही तरी बोला. मुली पुन्हा आजारी पडतील."

अंबाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची नात पाचवीत. ती म्हणाली, "बाई, तुमचं मन चांगलं हाय, त्ये काय आमाला दिसत नाय व्हय? पन आदी पोरी कुटं जातात त्ये कुनाला ठावं नव्हतं. तुमी त्यांना जागा दिलीत, आनि साऱ्या रस्त्याला ती दावलीत पन."

बाई खाली बसल्या.

कूड त्याच संध्याकाळी पाडला. फार वेळ लागला नाही, काठ्याच त्या. पत्र्याचं दार गॅरेजवाल्यानं नेलं.

बाई वाड्यात गेल्या तेव्हा काळूराम पाळीवरून येऊन उंबऱ्यावर बसला होता. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढं ऊद जळत होता. काळूरामनं नेहमीसारखं बसायला घोंगडं टाकलं नाही. टाकायचं राहून गेलं असावं. अपमान करणाऱ्यातला तो नव्हता.

"काळूरामभाऊ, सातवीची परीक्षा तोंडावर आहे. तेवढी देऊ द्या तिला. मी स्वतः घरी येऊन नेईन, घरी आणून सोडीन."

"बाई, सोयरीक ठरली. कुंभिवलीला. पोरगा टायरच्या दुकानात हाय."

"चौदाचं वय नाही तिचं अजून!"

"ठावं हाय." तो तळहात बघत बोलत होता. केमिकलनं सालं निघालेले तळहात. "आमी धरम बदलला तवा मी कवळा पोरगा व्हतो. सबेत सांगितलं, शिका. म्या मनाशी गाठ मारली, मला नाय जमलं, पोरीला जमवीन. आता कंपनीत मानसं हासतात माज्या तोंडावं. ट्रकवाले वाड्याच्या तोंडाशी गाडी हळू करतात. कुनाकुनाशी मारामारी करू? आनि बाई, त्या दाराला कडी म्या लावली. माज्या हातानं."

विठाबाई, भागीची आई, चुलीपाशी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

भागी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. बाई तिच्यापाशी बसल्या. कितीतरी बोलायचं ठरवून आल्या होत्या. भागीनंच विचारलं, "बाई, दामूला लई मारलं का ओ?"

"तुला कुणी सांगितलं त्याचं?"

"कुनी सांगाय कशाला? अक्षर मी बगितलं की. माजं नाव त्याला मीच शिकवलंय." ती खडे वेचत राहिली. "त्याला बोला, मला राग नाय. त्याला कळत नाय त्ये."

"भागी, मी पुन्हा बोलते तुझ्या वडिलांशी. तू म्हण, मला शिकायचंय. तू बोललीस तर ते ऐकतील."

भागीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे तेरा वर्षांच्या पोरीचे नव्हते. "नको बाई. आता मलाच यायचं नाय. वर्गात बसलं का वाटतं, पाठीवं लिवलंय."

बाई तिथून उठल्या त्या कशा रस्त्यावर आल्या त्यांना कळलं नाही. घरी गेल्यावर सहदेवनं चहा पुढं केला. त्या म्हणाल्या, "मी काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं." तो म्हणाला, "पोर आजारानं मेली असती." त्या म्हणाल्या, "एखाद्या वेळेस बरीही झाली असती. आणि आज वर्गात असती." नाही असं म्हणायला सहदेवलाही जीभ रेटली नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं. बाईंना पत्रिका आली होती. त्या गेल्या नाहीत.

*

जून उजाडला. आबाजी गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला पाटलांनी हार घातला आणि गुरुजींच्या शिस्तीबद्दल दोन शब्द बोलले. कान्हा सातवी पास होऊन चौकच्या हायस्कुलात गेला. मुलींचा माठ पुन्हा संध्याकाळपर्यंत भरलेला राहू लागला. पाचवीतल्या एकीला प्रार्थनेत चक्कर आली तेव्हा नवे हेडमास्तर म्हणाले, ऊन फार आहे.

वाड्यांवर चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा होती. पाचवीपासून मात्र मुलांना पळसखोंड्यालाच यावं लागे. दर वर्षी जूनमध्ये गौराबाई दारोदार फिरून मुली गोळा करून आणत. ह्या वर्षीही निघाल्या. पाय जड झाले होते, पण काम ते काम.

वाड्यात शेवटचं घर काळूरामचं. काळूराम पाळीला गेलेला. विठाबाईनं घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं. भागी बरी आहे म्हणाली. सासूचा जाच नाही. दिवस गेलेत. तेवढं एक तापाचं दुखणं अधूनमधून उलटतं.

धाकटी शकू चौथी पास झाली होती. तिनं परकर धुऊन घातला होता, वेण्या करकचून बांधल्या होत्या, आणि ती आईच्या मागं उभी राहून बाईंकडे टक लावून बघत होती. बाई कशाला आल्यात ते तिला ठाऊक होतं.

विठाबाई म्हणाली, "ह्यांनी समदं माज्यावं सोडलंय. म्हनले, तू बग. मला बाई काय कळतंय? मी अडानी." ती जवळ सरकून बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "भागी तुमच्यावं लई जीव लावून व्हती. तुमी आमचं वाईट चिंतनार नाय, येवढं मला ठावं हाय. म्हनून तुमालाच इचारते. तुमची सोताची पोर असती तर धाडली असती का? तुमी म्हनाल तसं करते."

बाईंनी तोंड उघडलं. किती वर्षं त्या दारोदार हेच सांगत आल्या होत्या. पाठ झालं होतं सगळं. मुलगी शिकली तर घर शिकतं. शाळेत ती सुखरूप असते. आम्ही आहोत ना. पण डोळ्यांसमोर ती चिंचोळी पट्टी आली, पलीकडचे ट्रक आले, नव्या हेडमास्तरांचा चेहरा आला. धाड म्हणावं तर कशाच्या जोरावर? नको म्हणावं तर कोणत्या तोंडानं?

शकू म्हणाली, "आये, बाई बोलंनात का?"

"गप गं," विठाबाई म्हणाली. "इचार करत्यात त्या."

हमरस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. कर्जतची शेवटली गाडी नव्हती ती, आणखी एक होती. तरी बाई उठल्या. चपला पायांत सरकवताना त्या म्हणाल्या, "बघू."

"बगू म्हंजी?"

बाई वाड्याच्या वाटेला लागल्या. वळणावर त्यांनी एकदा मागं पाहिलं. विठाबाई दारात उभी होती, डोळ्यांवर आडवा हात धरून. ती निरोप देत नव्हती. ती अजून उत्तराची वाट बघत होती.